अलेक्झांड्रियाहून, मास्तरला

अलेक्झांड्रिया,
१५ नोव्हेंबर

प्रिय मास्तर,
सप्रेम नमस्कार.

इथे येऊन आज तिसरा दिवस. पहिल्या संध्याकाळी कॉर्निशवर, म्हणजे समुद्राला धरून जाणाऱ्या मोठ्या रस्त्यावर, दगडी कठड्यावर बसलो आणि काहीतरी राहून गेल्यासारखं वाटत राहिलं. निळं पाणी होतं, खारा वारा होता, गळ टाकून बसलेले म्हातारे होते. रात्री अंथरुणावर पडल्यावर लक्षात आलं: ओहोटी लागलीच नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी, दुपारी आणि दिवेलागणीला मुद्दाम त्याच जागी जाऊन एकच दगड बघितला. शेवाळाची ओली रेघ सकाळी होती तिथेच संध्याकाळी. फार तर वीतभर इकडेतिकडे. आपण रेवदंड्याची माणसं, कुलाबा किल्ल्यात चालत जायचं तरी आधी तिथी विचारणारी. आणि इथे समुद्र दिवसभर जागचा हलत नाही! उघडा पडलेला चिखल नाही, त्याचा तो वास नाही, खेकडे धरायला पळणारी पोरं नाहीत. मला उगाच पोरकं वाटलं बघ.

भरतीचं नसलं तरी वाऱ्याचं गणित मात्र इथे पक्कं आहे. हिवाळ्यातल्या वादळांना हे लोक 'नव्वा' म्हणतात, आणि जसे आपले मृग, आर्द्रा, हस्त, तशी यांच्या एकेका नव्व्याला नावं आहेत. नोव्हेंबरच्या मध्यावर येते ती 'मकनसा', म्हणजे झाडू. हॉटेलातल्या पोराने हाताने झाडण्याची खूण करून समजावलं. आज दुपारपासून आकाश कळकट झालंय, पूर्व बंदरातल्या होड्या एकमेकींना चिकटून उभ्या आहेत. ती बहुतेक येतेय.

काल कैतबेचा किल्ला पाहिला. सुलतान कैतबेने १४७७ साली बांधायला घेतला, तो जुन्या दीपस्तंभाच्याच जागेवर. तू वर्गात जगातल्या सात आश्चर्यांमध्ये शिकवतोस तोच दीपस्तंभ, शंभर मीटरहून उंच. चौदाव्या शतकातल्या भूकंपांनी तो पार खचला. १८८२ मध्ये इंग्रजी आरमाराने शहरावर तोफा डागल्या तेव्हा किल्ल्याचीही पडझड झाली, म्हणून आज दिसतं त्यातलं बरंच डागडुजीचं आहे. तटाच्या मागच्या अंगाला, लाटा आपटतात तिथे, मी बराच वेळ उभा होतो. १९९४ पासून पुरातत्त्वज्ञांनी बुड्या मारून याच पाण्याखाली मोठमोठे दगड, खांब, पुतळे शोधले आणि त्यांचे नकाशे केले. वरून काहीच दिसत नाही. पण पायाखाली ते आहे एवढं माहीत असलं की नुसतं पाणीसुद्धा बघवतं.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला बसलो ते. तू शाळेत असल्यापासून चौलच्या आगरातून हिंडताना सांगायचास, "हे सिमुल्ला रे, ग्रीक लोकांचं सिमुल्ला." मी हो हो म्हणायचो. इकडे येण्याआधी तू दिलेली टिपणं नीट वाचली आणि विमानात झोप लागली नाही. दुसऱ्या शतकात टॉलेमी, राजा नव्हे, भूगोल लिहिणारा, याच शहरात बसून जगातल्या गावांच्या जागा मांडत होता. सोपारा, पैठण, तेर, नाशिक, सगळी आपली नावं त्यात आहेत. आणि सिमुल्लाबद्दल तो खास नोंद करतो की तिथे जाऊन आलेल्यांकडून कळलं, तिथले लोक त्याला 'तिमुला' म्हणतात. कान्हेरी लेण्यांतल्या शिलालेखांत 'चेमुल' आहे, म्हणजे तो अगदी जवळ पोचला होता. मास्तर, विचार कर. मोसमी वारा धरून गेलेला कोणी एक खलाशी वा व्यापारी चौलच्या बंदरात उतरतो, आपल्या माणसांच्या तोंडून गावाचं नाव ऐकतो, उलट्या वाऱ्याने तांबड्या समुद्राच्या बंदरात परततो, तिथून उंटावरून नाईलपर्यंत, नाईलमधून होडीने इथे. आणि ते नाव पार या शहरात येऊन कागदावर उतरतं. गावातल्या गावात आपण ते नाव कसं उच्चारतो याची इथे कुणाला तरी फिकीर होती. त्या काळातला एक वक्ता इथल्याच लोकांपुढच्या भाषणात सांगतो की श्रोत्यांत थोडे भारतीयही दिसताहेत. कोण असतील रे ते? मला तर ती आपल्याच बाजूची माणसं वाटतात. पुरावा मागू नकोस.

बाकीचं भराभर सांगतो. 'पॉम्पेचा खांब' म्हणतात तो अस्वानच्या तांबड्या ग्रॅनाइटचा, पण पॉम्पेशी त्याचा काही संबंध नाही, तो रोमन सम्राट डायोक्लेशियनसाठी उभारलेला. कोम अल शुकाफाच्या भुयारी थडग्यांत गोल जिना उतरून गेलो. खाली दाराशी अनुबिस आहे, कोल्ह्याच्या तोंडाचा इजिप्शियन देव, आणि त्याच्या अंगावर रोमन शिपायाचा पोशाख! नव्या ग्रंथालयाची इमारत २००२ सालची, समुद्राकडे कललेली प्रचंड तबकडी. तिच्या ग्रॅनाइटच्या भिंतीवर जगभरच्या लिप्यांतली अक्षरं कोरली आहेत. तिथे तुला एक अख्खा दिवस लागला असता.

जेवणाचं मात्र सविस्तर. बहारी भागात बर्फावर मांडलेली मासळी आपणच निवडायची, ते वजन करून भाजून देतात. मी 'बुरी' घेतली. बुरी म्हणजे आपली बोय, डोकं बघताच ओळखली. न खवलता ती गव्हाच्या कोंड्यात घोळवून सरळ विस्तवावर टाकतात. वरून कोळसा झाला की काय असं वाटतं. पण ते कवच काढलं की आत पांढरंशुभ्र, वाफाळतं मांस. त्यावर लसूण, जिरं, लिंबू. सोबत कांदा तपकिरी होईतो परतून शिजवलेला भात. ओलं खोबरं नाही, आगळ नाही, तरी मी बोटं चाटली. वहिनींना कोंड्याचं सांग, घरी करून बघता येईल.

आणि एक काम. बोटी इकडून तिकडे जाताना ज्या वस्तू नेत, त्यांच्या जुन्या यादीत पोवळी आहेत, या भूमध्य समुद्रातली तांबडी पोवळी. आपल्याकडे त्यांना मोत्यांसारखा मान होता. काल ते आठवलं आणि एकदम तुझ्या आईच्या मंगळसूत्रातली दोन पोवळी डोळ्यांपुढे आली. एक थोडं झिजलेलं, कडेला टवका उडालेलं. पणजीपासून आलेलं, असं त्या म्हणायच्या ना? वहिनींच्या डब्यात असेल तर काढून ठेव. मी पुढच्या शनिवारी पोचतो. भिंग घेऊन येतो.

वारा सुटलाय. खिडकी लावतो आता.

तुझाच