उसने आणा, पण इंजिन दाखवा

रविवारच्या पुरवणीतील वाफेच्या इंजिनांच्या समुद्रप्रवासाविषयीचा लेख वाचला. चालत नसलेल्या इंजिनांवर एवढा खर्च कशाला, हा लेखातील सूर पटला नाही. 'मॅलार्ड' या ब्रिटिश वाफेच्या इंजिनाने 1938 साली ताशी 126 मैलांचा विक्रम केला. त्याच्या पंचाहत्तरीसाठी अमेरिका आणि कॅनडातील त्याच जातीची दोन इंजिने 2012 मध्ये हॅलिफॅक्स बंदरातून जहाजाने लिव्हरपूलला आली. एकेक धूड शंभर टनांहून जड! पण ती विकत घेतली नव्हती, उसनी आणली होती. इंग्लंडमधील यॉर्कच्या यजमान रेल्वे संग्रहालयाने गंज काढून, रंगरंगोटी करून 2014 मध्ये ती परत पाठवली. त्याआधी या जातीची जगात उरलेली सहाही इंजिने यॉर्कला शेजारी शेजारी उभी राहिली, आणि मूळ मालकांना डागडुजी झालेले इंजिन मिळाले. यात तोटा कोणाचा?

बार्शी लाइट रेल्वेची पहिली इंजिने यॉर्कजवळच्याच लीड्समध्ये, किटसनच्या कारखान्यात घडली आणि जहाजानेच इकडे आली. अडीच फुटी रुळांवरची ही गाडी 1911 मध्ये लातूरला पोहोचली. ब्रॉडगेज आले, गैरसोय संपली; त्याबद्दल तक्रार नाहीच. पण ते डुगडुगते डबे आजच्या पोरांना सांगूनही खरे वाटत नाहीत. छोट्या गेजचे एखादे जतन केलेले इंजिन रेल्वेने दोन वर्षांसाठी तरी लातूर स्थानकाच्या आवारात आणावे. मध्ये समुद्र नाही, एक ट्रेलर पुरेल. वर पत्र्याची शेड मात्र आधी उभारावी, नाहीतर एका पावसाळ्यात त्याचे भंगार व्हायचे.

– एक वाचक, लातूर