‘आकाश’ स्वस्त आहे, पण मुलांच्या घरी ते चालेल का?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

5 ऑक्टोबर 2011 रोजी दिल्लीत केंद्रीय मनुष्यबळ विकास मंत्री कपिल सिब्बल यांच्या हस्ते ‘आकाश’ या टॅब्लेट संगणकाचे वाटप झाले. सरकार तो सुमारे सव्वादोन हजार रुपयांना घेणार आणि विद्यार्थ्याला त्याहूनही कमी पैशांत देणार, हे वाचून मला मनापासून आनंद झाला. मी अहमदनगर जिल्ह्याच्या डोंगरी भागात बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला भौतिकशास्त्र शिकवते. माझ्या वर्गातल्या बहुतेक मुलांच्या घरी संगणक नाही. असे यंत्र यायला हवे, ही माझीही इच्छा आहे, म्हणूनच त्याची प्रसिद्ध झालेली माहिती मी दोनदा वाचली. वाचल्यापासून मन अस्वस्थ आहे.

आयपॅडशी तुलना मी करणार नाही. तो याच्या कितीतरी पट महाग आहे, त्याच्याशी याची बरोबरी लावणे अन्यायाचे आहे. माझ्या समोर आहे तो माझा विद्यार्थी आणि त्याचा दिवस.

हा मुलगा सकाळी सातच्या एसटीने निघतो, बहुतेक वेळा उभ्यानेच येतो. कॉलेज, प्रॅक्टिकल, परतीची गाडी असे करत घरी पोहोचायला संध्याकाळचे सहा वाजतात. अभ्यासाची वेळ त्यानंतरची, आणि नेमकी तीच आमच्याकडे लाइट जाण्याची. ‘आकाश’ची बॅटरी 2,100 मिलिअँपिअर-तासांची आहे आणि ती तीन तास चालेल, असे सांगितले आहे. कागदावर तीन तास म्हणजे पडद्याचा उजेड वाढवून, व्हिडिओ लावून किती उरतात, हे मोबाइल वापरणाऱ्या कोणालाही ठाऊक आहे. कॉलेजात चार्ज करावे म्हटले, तर ऐंशी मुलांच्या वर्गात प्लग पॉइंट एकच असतो, तोही शिक्षकाच्या टेबलामागे. भारनियमनाच्या भागात अभ्यासाला द्यायच्या यंत्राची बॅटरी ही पहिली विचारात घ्यायची गोष्ट होती.

दुसरी अडचण इंटरनेटची. सरकार देणार असलेल्या ‘आकाश’मध्ये केवळ वायफाय आहे, सिमकार्डची जागा नाही. आमच्या भागात वायफाय कुठल्या वाडीवर आहे? मोबाइलची रेंज मात्र बहुतेक ठिकाणी पोहोचली आहे, निदान टेकडीच्या वरच्या अंगाला तरी. सिमकार्ड चालणारी याचीच आवृत्ती बाजारात 2,999 रुपयांना येणार असल्याचे वाचले. म्हणजे सोय करणे अशक्य नव्हते. जी शहरात पैसे देऊन विकत घेणाऱ्याला मिळणार, ती खेड्यातल्या विद्यार्थ्याच्या यंत्रातून वगळली गेली, याचे मला फार वाईट वाटते. आयआयटींच्या एनपीटीईएल उपक्रमातली उत्तम व्याख्याने इंटरनेटवर मोफत आहेत. माझ्या मुलांनी ती ऐकावीत म्हणून मी वर्षानुवर्षे सांगत आले आहे. या यंत्रावर ती घरी बसून ऐकता येणार नाहीत.

पडद्याविषयी थोडे सविस्तर लिहिते, कारण हा माझ्या विषयाचाच भाग आहे. ‘आकाश’चा सात इंची पडदा दाबाने चालणारा, म्हणजे रेझिस्टिव्ह प्रकारचा आहे. त्यात विद्युतवाहक लेप दिलेले दोन पातळ थर मध्ये बारीक फट ठेवून बसवलेले असतात. आपण दाबले की वरचा थर खालच्याला टेकतो आणि कुठे टेकला हे यंत्राला कळते. महाग फोनांमधल्या कपॅसिटिव्ह पडद्याला दाब लागत नाही, बोटाच्या नुसत्या स्पर्शाने तिथली विद्युत धारिता (विद्युतभार साठवण्याची क्षमता) बदलते आणि तेवढे त्याला पुरते. दाबाचा पडदा स्वस्त पडतो, नखाने किंवा प्लास्टिकच्या काडीनेही चालतो, हा त्याचा गुण मला मान्य आहे. पण या प्रकारच्या साध्या पडद्यांना दोन बोटे एकाच वेळी ओळखता येत नाहीत. चिमटीने पान मोठे-लहान करणे त्यांवर जमत नाही.

हे वरवर किरकोळ वाटेल. पण मुले या यंत्रावर करणार काय, तर मुख्यतः पुस्तकांच्या पीडीएफ वाचणार. पाठ्यपुस्तकाचे मोठे पान 800 बाय 480 ठिपक्यांच्या पडद्यावर पूर्ण मावले, तर अक्षर वाचता येत नाही. सूत्रातला घातांक 2 आहे की 3, हेच दिसले नाही तर गणित सुटणार कसे? मग पान मोठे करायचे, बोट दाबून ओळीच्या शेवटापर्यंत सरकवायचे, पुन्हा मागे आणायचे, पुढची ओळ शोधायची. दाबाच्या पडद्याचा एक जुना फोन मी दोन वर्षे वापरला आहे. त्यावर दहा पाने वाचली की बोट आणि मन दोन्ही थकायचे. ज्या मुलाच्या हातात पहिल्यांदाच संगणक येतो आहे, तो अशा अनुभवानंतर ‘हे आपल्याला जमणार नाही’ असे ठरवून मोकळा होईल, ही माझी खरी भीती आहे.

366 मेगाहर्ट्‌झचा प्रोसेसर आणि 256 एमबी रॅम, म्हणजे यंत्राची बेताचीच ताकद, याविषयी फार लिहीत नाही. एका वेळी एकच काम केले तर निभावेल.

मराठीचा प्रश्न मात्र कुणी विचारलेला मला दिसला नाही. ‘आकाश’मध्ये अँड्रॉइड या कार्यप्रणालीची 2.2 ही आवृत्ती आहे. या आवृत्तीत मुळात देवनागरीची सोयच नाही. मराठी संकेतस्थळ उघडले की अक्षरांच्या जागी रिकामे चौकोन दिसतात. नुसता फॉन्ट टाकूनही भागत नाही, कारण देवनागरीत ऱ्हस्व वेलांटी उच्चाराने व्यंजनानंतर येते पण लिहिताना आधी काढावी लागते, आणि जोडाक्षरे घडवावी लागतात. ते काम यंत्रणेने केले नाही, तर ‘विद्यार्थी’ हा शब्दसुद्धा तुटक, पाय मोडून दिसतो. आमच्या कॉलेजातली कला शाखेची मुले मराठीतून शिकतात आणि परीक्षाही मराठीतून देतात. उत्पादकाकडून ही सोय वेगळी करवून घेतल्याशिवाय हे यंत्र त्यांच्या हाती देऊ नये.

सरकारने याआधीही घाई केलेली आहे. 2009 च्या फेब्रुवारीत तिरुपतीला दहा डॉलरचा लॅपटॉप म्हणून जे दाखवले गेले, तो लॅपटॉप नव्हताच. 2010 च्या जुलैत 35 डॉलरचा नमुना दाखवला गेला. प्रत्येक वेळी चर्चा झाली ती किमतीची. आधी आकडा ठरला आणि मग त्यात बसेल तेवढे यंत्र घडवले गेले, असे मला वाटते. विद्यार्थ्याला काय लागते इथून सुरुवात झाली असती, तर किंमत कदाचित हजार रुपयांनी वाढली असती. तो भार उचलायला मी आणि माझ्यासारखे अनेक करदाते आनंदाने तयार आहोत.

पहिल्या टप्प्यात एक लाख यंत्रे घेतली जाणार आहेत, म्हणजे सुमारे साडेबावीस कोटी रुपये. माझी मंत्रालयाला कळकळीची विनंती आहे की सगळी एकदम घेऊ नयेत. पहिल्या काही हजार यंत्रांतली निम्मी तरी तालुक्याच्या कॉलेजांना द्यावीत, एक सत्र वापरू द्यावीत, आणि मुलांनी जे सांगितले त्याप्रमाणे पुढच्या खेपेत बॅटरी, सिमकार्ड, पडदा आणि देवनागरी या चार गोष्टी सुधाराव्यात. तोवर एक काम लगेच होण्याजोगे आहे. यात मेमरी कार्ड बसते, 32 जीबीपर्यंतचे चालते. विद्यापीठांनी क्रमिक पुस्तके आणि व्याख्याने कार्डांवर भरून वाटली, तर निदान इंटरनेटवाचून अडणार नाही. पुस्तकाची पाने मात्र सात इंची पडद्याच्या मापाने नव्याने मांडावी लागतील. भौतिकशास्त्राच्या पहिल्या सत्राची तशी मांडणी करायला मी स्वतः दिवाळीच्या सुट्टीत बसायला तयार आहे, आणि आमच्या विभागातले दोन सहकारीही तयार आहेत. ती कुणाकडे पाठवायची, एवढे आपल्या पत्रातून कळले तर उपकार होतील.

आपली विश्वासू,
एक प्राध्यापिका,
जि. अहमदनगर