परचेसच्या साहेबांना, सातपूरहून

आदरणीय साहेब,

सा. न. वि. वि.

या आभाराच्या पत्रात नाव कुठे घालायचं नाही असं तुम्ही बजावलंत, म्हणून तुमचंही घालत नाही आणि कंपनीचंही नाही. नाशिकच्या अंबडमधले ओळखणारे ओळखतीलच.

तुमच्या कंपनीने महिला उद्योजकांकडून खरेदी वाढवायची ठरवली असं कळलं, तेव्हा मी फार काही आशा धरली नव्हती. अशा वेळी ८ मार्चला गुलाबाचं फूल मिळतं, फोटो निघतो आणि ऑर्डर जुन्याच पार्टीला जाते. तुम्ही फूल आणलं नाहीत. थेट माझ्या पुठ्ठ्याच्या खोक्यांच्या शेडवर आलात.

कॉरुगेशन मशीनपाशी माझे यजमान उभे होते. तुमच्याबरोबरचा तरुण अधिकारी सवयीने त्यांच्याशीच बोलू लागला. तुम्ही पाच प्लायचं एक खोकं उचललंत, कोपरा फाडून थर पाहिलेत आणि माझ्याकडे वळलात. कागद कोणत्या मिलचा? जीएसएम, म्हणजे कागदाचं वजन किती? बीएफ, म्हणजे फुटेपर्यंत दाब सोसायची ताकद किती? पावसाळ्यात ओल लागू नये म्हणून काय करता? भाव कोण ठरवतं? चेकवर सही कोणाची? यावर यजमानच हसून म्हणाले, “सगळं हिचंच. मी नोकरी करतो, आज सुट्टी म्हणून आलोय.”

एखादीला ही उलटतपासणी लागली असती. मला बरं वाटलं. बायकोच्या नावावर फर्म काढायची आणि कारभार नवऱ्याने हाकायचा, हा प्रकार आपल्याकडे काही कमी नाही. वीकनेक्ट इंटरनॅशनलसारखी संस्था महिलांच्या उद्योगांना प्रमाणपत्र देताना बाईची किमान ५१ टक्के मालकी बघते, पण तेवढ्यावर थांबत नाही. कारभार आणि निर्णय तिच्याच हातात आहेत का, हेही तपासते. तसं कुणी तपासलं नाही, तर खरी राबणारी मागेच राहते.

पुढे तुमच्या व्हेंडर फॉर्ममधली उलाढालीची अट आडवी आली. माझ्याएवढा धंदा तिथेच गळतो. तुम्ही वरून परवानगी काढलीत आणि सगळ्या मापांऐवजी एकाच मापाच्या खोक्यांची ट्रायल ऑर्डर दिलीत. बर्स्टिंगचा, म्हणजे खोकं किती दाबाला फुटतं याचा रिपोर्ट मात्र इतरांसारखाच मागितलात, भावातही घासाघीस केलीत. त्याबद्दल तर जास्तच आभार. ‘बाई म्हणून काम दिलं’ असं म्हणायला कुणाला जागाच उरली नाही.

केंद्राच्या खरेदी धोरणात २०१८ पासून महिलांच्या सूक्ष्म आणि लघु उद्योगांसाठी ३ टक्के वाटा आहे. पण ते मंत्रालयांना आणि ओझरच्या एचएएलसारख्या केंद्र सरकारच्या कंपन्यांना. खासगी कंपनीवर असं बंधन नाही. तिथे परचेसच्या खुर्चीत कोण बसलंय, त्यावर सगळं.

आणि पेमेंट! एका जुन्या गिऱ्हाइकाने माझे पैसे इतके रखडवले की कागदवाल्याने उधारी बंद केली. तुम्ही माझा उद्यम नंबर, म्हणजे लघुउद्योग नोंदणीचा नंबर मागून घेतलात आणि पैसे द्यायची ४५ दिवसांची मुदत पीओवरच, म्हणजे खरेदीच्या ऑर्डरवरच छापलीत. लघुउद्योगांच्या पैशांचा कायदा तसा २००६ चाच आहे. उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढीने. पण व्याज मागणाऱ्याला पुढची ऑर्डर कोण देतंय? प्राप्तिकराच्या नियमाने जास्त काम केलं. मुदत टळलेलं आमचं बिल प्रत्यक्ष चुकतं होईपर्यंत कंपनीला खर्चात धरता येत नाही, त्यामुळे मार्च जवळ आला की अकाउंट्सवाले आता आपणहून फोन करतात. तुमच्याकडून तसा फोन येण्याची वेळ आली नाही, पैसे त्याआधीच जमा होतात.

आता एक मागणं. माझ्या गल्लीत कामगारांचे गणवेश शिवणाऱ्या एक ताई आहेत आणि सिन्नरला प्रेस पार्ट, म्हणजे पत्रा दाबून केलेले सुटे भाग काढणाऱ्या दुसऱ्या. दोघींचे उद्यमचे कागद सोबत पाठवते आहे. आधी शेड बघा, माल तपासा, पटलं तरच पुढचं. आणि त्या तरुण अधिकाऱ्यांनाही बरोबर आणा.

आपली,
सातपूरची खोकेवाली