एका अमिनो आम्लाचा फरक

प्रिय सुधीर,

सोनोग्राफीत ‘फॅटी लिव्हर, ग्रेड २’ निघाल्याचं वाचलं. आणि खाली तुझा प्रश्न: “तू इतकी वर्षं रिसेप्टर-रिसेप्टर करतोस, मग यावर एक गोळी का नाही?” चार दिवस तो डोक्यातून जात नाहीये.

गोळी आहे. मार्च २०२४ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध-नियामक संस्थेने, रेसमेटिरॉमला मान्यता दिली. पण ती यायला इतका उशीर का लागला, तेही सांगतो.

माणसात ४८ न्यूक्लिअर रिसेप्टर आहेत. प्रत्येक म्हणजे एक प्रथिन, बहुतेकांच्या पोटात एक खोबण. नेमका रेणू तिच्यात बसला की प्रथिनाची शेवटची हेलिक्स, म्हणजे मळसूत्रासारखी गुंडाळी, झाकणासारखी मिटते, मदतनीस प्रथिनं येऊन चिकटतात आणि जनुकं चालू होतात. एक-दोन नव्हेत, शेकडो. सगळी अडचण इथेच आहे. यांतलाच एक एलएक्सआर. तो जागा केला तर पेशींतलं कोलेस्टेरॉल बाहेर पडतं, पण यकृत नवी चरबी बनवायला लागतं. आमचा एक रेणू असाच होता. पेशींवरच्या चाचणीत आकडे इतके सुंदर, की मी ते घरी येऊन वाचून दाखवले होते. मग उंदरांची यकृतं हातात आली, पिवळट, फुगलेली. त्या दिवशी कुणाशी बोलावंसं वाटलं नाही.

ओबेटिकोलिक आम्लाची गोष्ट मला अजून चटका लावते. आपलंच यकृत बनवतं त्या पित्ताम्लाच्या सहाव्या कार्बनवर एक इथाइल गट जोडला आणि एफएक्सआर या पित्ताम्लांच्या रिसेप्टरवरची ताकद जवळपास शंभरपट झाली! रसायनशास्त्रात याहून देखणं काय असतं? चाचणीत काही रुग्णांच्या यकृतातले व्रण कमीही झाले. पण २५ मिलिग्रॅम घेणाऱ्यांपैकी ५१ टक्क्यांना खाज सुटली, शिवाय एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, वाढलं. खाजेला किरकोळ म्हणू नकोस, रात्र-रात्र झोप नसते. या आजारासाठी एफडीएने २०२० मध्ये आणि पुन्हा २०२३ मध्ये नकार दिला. माझ्या मते तो बरोबर होता, कारण असं औषध वर्षानुवर्षं घ्यायचं असतं.

रेसमेटिरॉमचं कोडं वेगळं होतं. थायरॉइड हार्मोन यकृतातली चरबी जाळतं, पण हृदय धडधडवतं, हाडं झिजवतं. त्याचे रिसेप्टर दोन प्रकारचे: हृदयात मुख्यतः अल्फा, यकृतात बीटा. दोघांच्या खोबणी स्क्रीनवर एकमेकींवर ठेवून मी कितीदा फिरवून पाहिल्यात. फरक एका अमिनो आम्लाचा, म्हणजे प्रथिनाच्या साखळीतल्या एका मण्याचा: अल्फात सेरीन, बीटात अ‍ॅस्पॅराजीन. तेवढ्या फटीतून वाट काढली आहे रे! ९६६ रुग्णांच्या चाचणीत ५२ आठवड्यांनंतर १०० मिलिग्रॅमच्या गटात २९.९ टक्क्यांची यकृताची सूज गेली, नुसती साखरगोळी घेणाऱ्यांत ९.७ टक्क्यांची. शंभरातल्या उरलेल्या सत्तर जणांसाठी आम्ही अजून प्रयोगशाळेच्या बाकांवर बसलो आहोत.

आता तुझं. ही गोळी व्रण मध्यम ते बरेच वाढलेत, पण सिरॉसिस झालेला नाही, अशांसाठी आहे. सोनोग्राफीवरून ते ठरत नाही. डॉक्टरांना फायब्रोस्कॅनबद्दल विचार, व्रणांनी यकृत किती कडक झालंय ते त्यात मोजतात. वजन ७ ते १० टक्के उतरलं तर यकृत खरोखर सुधारतं, आणि हे मी औषधं बनवणारा माणूस सांगतोय.

फायब्रोस्कॅनचा आकडा किलोपास्कलमध्ये येईल. आला की लगेच कळव, रात्री कितीही वाजता.

तुझाच,
अविनाश