घरमालकाची रास

एम्स, आयोवा
१७ नोव्हेंबर २०२४

ती. आबा आणि ती. आई यांना साष्टांग नमस्कार.

आबा, फोनवर तुम्ही "हं, बरं, ठेवू का?" एवढंच बोलता, म्हणून मुद्दाम कागदावर लिहितेय. दादाला मोठ्यानं वाचून दाखवायला सांगा. चष्मा बदलायचं अजून मनावर घेतलेलं नाही, हे आईनं मला सांगितलंय.

आमचे घरमालक गेले, ते आईला कळवलं होतं. ऑक्टोबरमध्ये, भल्या सकाळी, हार्वेस्टरला ग्रीस लावताना शेडमध्येच. वय ८१. सोयाबीनची रास झाली होती. मका उभा होता, अडीचशे एकर. आकडा ऐकून हसू नका. इथे तेवढ्या रानावर एका घराचं जेमतेम भागतं, तेही घरातलं कुणीतरी बाहेर नोकरी करत असेल तर.

"तिकडं कोण कुणाचं?" हे तुमचं नेहमीचं. तर ऐका. दहा-बारा दिवसांनी, शनिवारी सकाळी सातला खिडकीतून पाहते तर रस्त्यावर हार्वेस्टरची रांग. पाच होते. मागे ट्रॅक्टर, धान्याच्या गाड्या, ट्रक. ज्यांचे ते, त्यांची स्वतःची रास अर्धवट पडलेली. दुपारी तीनला रान मोकळं! इथे एकरी पन्नासेक क्विंटल मका निघतो, म्हणजे साडेबारा हजार क्विंटलच्या आसपास माल एका दिवसात निघाला. आपल्या मोंढ्यात एवढ्याचा काटा करायचा म्हटलं तर हमाल पळून जातील. डिझेल गावच्या सोसायटीनं दिलं. हो, इथेही सहकारी सोसायटी असते, आणि तिच्या चेअरमनबद्दल लोक जे बोलतात तेही ओळखीचंच वाटतं.

मला तुम्ही सांगितलेली इर्जिक आठवली. आजोबांचा पाय मोडला त्या साली बावीस औतं आपल्या रानात उतरली होती, आणि आजीनं उसना गूळ आणून सगळ्यांना पुरणपोळी घातली होती, ती. इथे मात्र उलटं. घरमालकांच्या बायकोला, म्हणजे इथल्या आजींना, चुलीपाशी फिरकू दिलं नाही. चर्चमधल्या बायकांनी आधीच यादी केली होती, कुणी काय आणायचं. माझ्या वाट्याला पाव आणि पाण्याच्या बाटल्या आल्या. मी पुलाव करते म्हटलं तर "तुला एवढा त्रास कशाला" म्हणाल्या. राग आला, पण गिळला.

घरमालकांबद्दल (आम्ही दोघं त्यांना आजोबाच म्हणायचो, त्यांनाही तो शब्द आवडायचा) तुम्हाला एक गोष्ट सांगायची राहून गेली होती. १९७९ मध्ये त्यांनी कर्ज काढून १६० एकर घेतली. जमिनीचे भाव चढत होते, बँकाच मागे लागून कर्ज देत होत्या. पुढच्याच जानेवारीत सरकारनं रशियाला धान्य विकायला बंदी घातली. वर व्याज अठरा टक्क्यांच्या घरात. १९८१ मध्ये इथल्या जमिनीला एकरी सरासरी २,१४७ डॉलर भाव होता, तो १९८६ ला ७८७ वर आला. घेतलेली १६० गेली. वडिलोपार्जित वाचवायला त्यांनी अकरा वर्षं शाळेची बस चालवली, सकाळी पोरं सोडून रानात, पुन्हा तीनला बस. त्या काळात जिल्ह्याच्या कचेरीपुढच्या हिरवळीवर लोक लाकडाचे पांढरे क्रूस रोवायचे, बुडालेल्या एकेका शेताच्या नावानं. क्रूस म्हणजे यांच्या थडग्यावरची खूण. हे सांगताना ते खिडकीबाहेर बघत राहिले. मी आपल्याकडचं काही बोलले नाही. काय बोलणार?

१९९३ चं मात्र बोललो. त्या उन्हाळ्यात इथे महापूर आला होता, डी मॉइन शहराचं पाणीपुरवठा केंद्रच बुडालं. हे पिकअपमध्ये पाण्याच्या टाक्या टाकून चाळीस मैल जायचे. मी म्हटलं, त्याच साली आमच्याकडे किल्लारी झालं, आणि माझे वडील बैलगाडीत भाकरी भरून गेले होते. त्यांनी विचारलं, "भाकरी म्हणजे काय?" मी ज्वारीची करून दाखवली. दोन खाल्ल्या. खरं सांगायचं तर पहिली करपली होती.

गावासाठी बाकी बरंच केलं. तीस-बत्तीस वर्षं अग्निशमन दलात, पगार नाही, कमरेला पेजर. इथे धान्याच्या मोठ्या पत्र्याच्या कोठ्या असतात, त्यात माणूस उतरला आणि खालून धान्य सुटलं की दलदलीसारखा आत जातो. त्याच्याभोवती पत्र्याची नळी उभी करून आतलं धान्य काढतात, मग माणूस सुटतो. ती नळी दलाकडे हवीच, म्हणून यांनी मीटिंगमध्ये भांडण काढलं होतं. गावातली शाळा पटाअभावी शेजारच्या गावात गेली तेव्हाही भांडले, तिथे हरले.

आणि सोयाबीनचा दाणा दाताखाली धरून बघायचे. अगदी तुमच्यासारखं, डाव्या दाढेखाली. मग सोसायटीत मशीन लावायचे, तेरा टक्क्यांच्या वर मॉइश्चर निघालं की भाव कापतात. आकडा आधीच सांगून ठेवायचे आणि बरोबर निघाला की मिशीत हसायचे. आपल्याकडे हमीभाव ४,८९२ आणि मोंढ्यात तो मिळत नाही, हे मी त्यांना सांगितलं होतं. त्यांनी पेन्सिल घेऊन हिशेब केला. इथला भाव आपल्या रुपयांत क्विंटलला तीन हजारांच्या आसपास पडतो. दादाला सांगा, अमेरिकेतला शेतकरी भावात न्हाऊन निघत नाही.

दोन्ही मुलं शहरात. रान आता पुतण्या खंडानं करेल असं दिसतं. आम्हाला घर सोडायला कुणी सांगितलेलं नाही. आजी एकट्या आहेत, म्हणून रोज संध्याकाळी सहाला मी तिकडे जाते. आजोबा राशीचे दिवस सोडले तर कधी सहाचं जेवण चुकवायचे नाहीत, आणि राशीच्या दिवसांत आजी डबा घेऊन बांधावर. पिकअपचा मागचा फळा पाडून दोघं त्यावर बसून जेवायचे. ताट अजून दोन वाढतात, मग एक उचलून ठेवतात.

आई, गुडघ्याला लावायचं ते तेल पाठवू नकोस, कस्टमवाले काढून ठेवतात. जानेवारीत आम्ही येतोय, तेव्हा घेऊन येऊ. आबा, पीकविम्याची पावती पेटीत असेल, ती दादाकडे द्या.

एक विचारायचं आहे. आजींना मी इर्जिक शब्द शिकवला, त्यांना तो म्हणता येत नाही. पण त्या शनिवारी कोण कोण आलं, कुणाचा हार्वेस्टर किती तास चालला, हे त्यांनी एका वहीत लिहून ठेवलंय. "परत करायला लागेल ना," म्हणतात. वय ७९, काय परत करणार, पण वही टेबलावरच असते. सावडीत, म्हणजे आज तुझं काम उद्या माझं, हिशेब ठेवतात, इर्जिकीत ठेवत नाहीत, असं तुम्ही सांगायचात. मग हे काय झालं म्हणायचं? दादाला लिहायला लावा, फोनवर नको.

तुमची,
माई