फेकलेल्याची वही

धनकवडी, पुणे
११ मे

प्रिय बाळ्या,

परवा फोनवर तू विचारलंस, "भागतंय ना रे?" आणि मी "हो हो" म्हणत विषय क्रिकेटवर नेला. फोन ठेवल्यावर ही म्हणाली, "ते पैसे देऊ का विचारत होते. सरळ बोलायचं की." बोलायला जीभ रेटली नाही, म्हणून लिहितोय. पैसे नकोत. खरंच नकोत. पण कसं भागतंय ते सांगतो, कारण ते सांगण्याजोगं आहे असं मला हल्ली वाटायला लागलंय.

कंपनी दिवाळीआधी बंद पडली, ते तुला माहीत आहे. हिची नोकरी चालू आहे, तेव्हा स्वयंपाकघर माझ्याकडे आलं. हसू नकोस. पहिला महिना मी आईच्या हाताखाली उमेदवारी केली आणि तिची बोलणीही खाल्ली. मग एके दिवशी फ्रिज पुसायला काढला, तर मागच्या बाजूला तीन वाट्या निघाल्या. कशात काय आहे ते ना हिला सांगता आलं, ना मला. मुगाच्या डाळीचे दोन डबे, दोन्ही अर्धे. जुन्यात पोरकिडे, नवा फोडलेला. अरे, २२ वर्षं मी भोसरीत स्टोअर सांभाळलं! आधी आलेला माल आधी बाहेर, हा तिथला पहिला धडा. आणि माझ्याच घरात ही तऱ्हा.

कंपनीत रिजेक्शनचं रजिस्टर असायचं. तशी एक वही घरी घातली. कचऱ्यात काय गेलं, किती, आणि का. महिनाभर फक्त लिहायचं, कोणाला बोलायचं नाही. (हे दुसरं कलम आईने मोडलं.) महिन्याच्या शेवटी बेरीज केली तर ११४० रुपये. सडलेली कोथिंबीर, वाळलेल्या पोळ्या, आंबून गेलेलं दही, पिवळी पडलेली मेथी, एक अख्खा दुधी. कोणी आवडीने खाल्लं असतं तर एक रुपयाचं वाईट वाटलं नसतं. पण हे कोणाच्याच पोटात गेलं नव्हतं. तोवर आम्ही काटकसर म्हणून काय करत होतो? तर तेल कमी टाक, दूध अर्धा लिटर कर, पोराच्या डब्यातलं पनीर बंद कर. ताटातलं काढत होतो आणि बादलीत टाकत होतो.

तेव्हापासून फ्रिजचा वरचा कप्पा 'आज संपवायचं' म्हणून ठरलाय. पोळी उरली तर सकाळी फोडणीची पोळी. भाकरी उरली तर ताकात कुस्करून वर लसणाची फोडणी, पोरगा ती आता मागून खातो. कोथिंबिरीची देठं चटणीत, दोडक्याच्या शिरा तीळ घालून तव्यावर, मुळ्याचा पाला पीठ पेरून. कलिंगडाच्या सालीचा पांढरा भाग किसून थालीपिठात घालतो, कोणाला पत्ता लागत नाही. कोथिंबीर आणली की निवडून, न धुता, कागदात गुंडाळून डब्यात. आठवडा जाते. नुसत्या या एका गोष्टीने वहीतली कितीतरी पानं वाचली.

भाताचं मात्र सांगून ठेवतो, कारण तुझी लेक जूनपासून इथे खोली घेऊन राहणार आहे. रात्रीचा भात ओट्यावर तसाच ठेवून सकाळी फोडणी द्यायची, हे आपण लहानपणापासून बघत आलो. ते करू देऊ नकोस. उघड्यावर राहिलेल्या भातात जे जंतू वाढतात त्यांचं विष परत गरम करून जात नाही. फोडणी दिली की सगळं मरतं, हा समज खोटा. जेवणं झाली की भात पसरट भांड्यात गार करून तासाभरात फ्रिजमध्ये गेला पाहिजे. एप्रिलमध्ये मी हे एकदा अंगावर काढलंय, तपशील भेटीत.

खरेदीचं. आधी मी कोपऱ्यावरच्या दुकानातून पाव किलो, अर्धा किलो असं आणायचो. आता रविवारी पहाटे मजल्यावरचे आम्ही चौघे मिळून मार्केट यार्डात जातो. तिथे भाव १० किलोचा बोलतात आणि पालेभाजीचा शेकडा जुड्यांचा, त्यामुळे एकट्याने जाऊन उपयोग नाही. जिन्यात वाटणी होते, तराजू माझा. (स्टोअरकीपर गेला कुठे!) मधल्या वारी काही लागलं तर संध्याकाळी उशिरा मंडईत. आठनंतर वाटे लावलेले असतात. दहा रुपयांचा वाटा घेताना पहिल्यांदा जुन्या कंपनीतला एकजण समोर आला आणि मी चक्क खांबाआड झालो. मग बघतो तर त्याच्याही पिशवीत वाटाच. दोघांनी चहा घेतला.

पण खरी गंमत साठवणीत आहे, आणि त्यात आई गुरू. तिचं माहेर सासवडकडचं. १९७२च्या दुष्काळात ती रोजगार हमीसारख्या कामांवर खडी फोडायला जायची, तिथे मिळणारं सुकडीचं पौष्टिक पीठ खाऊन दिवस काढले. तेव्हा आलेल्या लाल मिलोच्या, म्हणजे परदेशी ज्वारीच्या भाकरीची चव विचारली तर अजून तोंड वाकडं करते. तिच्या डोक्यात वर्ष महिन्यांचं नसतंच, काय कधी स्वस्त आणि काय कधी टिकेल याचं असतं. लिंबू चैत्र-वैशाखात हात लावू देत नाही, पावसाळ्यात स्वस्त झालं की लोणचं आणि रस एकदमच. कांद्याचं तिने मला नीट शिकवलं. दिवाळीच्या सुमाराला येणारा लाल कांदा पाणीदार, तो आणायचा आणि खायचा. साठवायचा तो उन्हाळ कांदा, मार्च-एप्रिलचा, मान सुकलेला, साल घट्ट. या वेळी एक गोणी घेतली आणि दिवाणाखाली गोणपाटावर पसरली. दर रविवारी हात फिरवायचा, मऊ लागेल तो त्याच दिवशी कढईत. बटाटे शेजारी ठेवायचे नाहीत, दोघं एकमेकांना बिघडवतात. पावसाळी हवेत सडायला लागायच्या आत भजी-थालीपिठांत कांदा उडवायचा म्हणून तर कांदेनवमी, असं आईचं मत. धर्मशास्त्रात काय आहे कोण जाणे, पण हिशेब बरोबर बसतो.

टोमॅटोवरून आमचं वाजतं. २०२३च्या जुलैमध्ये टोमॅटो शंभरीपार गेला होता आठवतं? तेव्हा आम्ही रडत रडत पाव किलो आणायचो. आई म्हणाली, "आमच्या आमटीत कुठं होता टोमॅटो? चिंच होती, आमसूल होतं." खरंच की. प्रत्येक भाजीत टोमॅटो ही आपल्या डोळ्यांदेखत लागलेली सवय. आता फेब्रुवारी-मार्चमध्ये मातीमोल झाला की एक क्रेट आणतो, पातळ चकत्या करून मीठ लावून गच्चीत जाळीखाली वाळवतो. पुण्याचं कोरडं ऊन यासाठी बरंच. चकत्या कडकडीत झाल्या पाहिजेत, हातात वाकली की अजून पाणी आहे समजायचं. मग मिक्सरमधून भुकटी. एक चमचा आमटीला पुरतो. बाकी काळ चिंच.

वाळवणाचं सगळंच मी करतो असं समजू नकोस. कुरडया सोडून दिल्या. गहू तीन दिवस भिजत घाला, रोज पाणी बदला, वाटा, चीक काढा, ढवळून ढवळून शिजवा, मग गच्चीवरच्या कबुतरांशी भांडा. एवढा गॅस आणि एवढा जीव घालवण्यापेक्षा बचत गटाच्या बायकांकडून अर्धा किलो घ्याव्यात. सांडगे मात्र सोडू नयेत. मुगाची आणि हरभऱ्याची डाळ भिजवून भरड वाटायची, मिरची-लसूण-जिरं, बोराएवढे घालायचे, तीन उन्हं. श्रावणात भाज्या डोळे वटारतात तेव्हा सांडग्यांची आमटी आणि भाकरी, वर कच्चा कांदा. मटणाच्या तोंडात मारेल.

गॅसचंही रजिस्टर आहे, सिलिंडरवरच खडूने तारीख. डाळ, कडधान्य भिजवल्याशिवाय कुकरला जात नाही, कुकर लावला की तिन्ही भांडी भरलेली, शिट्टी झाली की आच बारीक. १४.२ किलोचा सिलिंडर आधी ३८ दिवस जायचा, आता ५१. किराणा, भाजी, दूध, गॅस धरून महिन्याला १४ हजार लागायचे, ते ९ वर आलेत. पनीर परत सुरू केलंय.

आता लोणच्याची फजिती. गेल्या मे महिन्यात, नोकरी असतानाच, हौसेने पहिलं लोणचं घातलं. आईचं प्रमाण किलोभर फोडींना पाव किलो मीठ. मला डॉक्टरांनी मीठ कमी सांगितलेलं, म्हणून मी शहाण्याने मीठ निम्मं केलं. तेलही हात आखडून. गणपतीत बरणी उघडली तर वर कापूस! वरचं काढून खालचं खाऊ म्हणालो, तर आईने बरणी हातातून ओढून घेतली. बुरशी वर दिसते पण खाली कुठवर गेली ते दिसत नाही. मीठ चवीसाठी नसतं रे. ते फोडीतलं पाणी ओढून घेतं, म्हणून जंतूंना जगायला ओल उरत नाही. आणि वर बोटभर तेल तरंगलं की हवा बंद. मीठ कमी खायचं असेल तर एक फोड कमी खा, असं आई म्हणाली. वही घातल्यावर ते दोन किलो लोणचंही शिक्षा म्हणून मागाहून माझ्या नावावर पडलंय, लाल शाईने.

या वेळी फोडींना हळद-मीठ लावून रात्रभर ठेवल्या, सुटलेलं पाणी निथळलं, फोडी सावलीत कोरड्या केल्या. बरणी दोन दिवस उन्हात. मोहरीची डाळ, मेथी, हिंग, तेल कडकडीत तापवून पूर्ण गार करून. तोंडाला फडक्याचा दादरा बांधून माळ्यावर ठेवलंय. पोरालासुद्धा ओला चमचा घालायची टाप नाही.

तेव्हा जूनमध्ये लेकीच्या ॲडमिशनला याल तेव्हा मुक्काम इथेच, हॉटेल-बिटेल नाही. पैशाऐवजी लातूरची तूरडाळ आण, पाच किलो. गिरणीतला भाव चिठ्ठीवर लिहून आण, मी तेवढेच देणार, वाद घालायचा नाही. लेकीच्या खोलीवर न्यायला लोणच्याची एक बरणी काढून ठेवलीय. चिनीमातीची आहे, आईच्या लग्नातली. लोणचं संपलं की रिकामी परत पाहिजे, झाकणासकट.

वहिनींना नमस्कार सांग.

तुझा,
मन्या