वाईच्या स्टुडिओवाल्या काकांना

आदरणीय काका,
सप्रेम नमस्कार.

वाईचं ‘तेव्हा आणि आता’ दाखवणारं विद्यार्थ्यांचं प्रदर्शन उभं राहिलं, ते तुम्ही माळ्यावरच्या काचेच्या निगेटिव्ह विश्वासाने हाती दिल्यात म्हणून. पण काचांपेक्षाही जास्त उपयोगी पडलं ते तुमचं टोकणं. पुढच्या तुकडीलाही ते मिळावं, म्हणून आभार मानता मानता इथे उतरवून ठेवतो आहोत.

‘आधी पाय, मग झूम’ हे त्यातलं पहिलं. जुन्या फोटोची जागा शोधताना मुलं झूम फिरवून चौकट जुळवतात. मग ढोल्या गणपतीचं शिखर बरोबर मापाचं येतं, पण मागचा डोंगर भलतीकडे सरकलेला असतो. झूमने फक्त चौकट लहानमोठी होते. जवळच्या आणि लांबच्या वस्तू एकमेकींपुढे कशा दिसणार, हे उभं राहण्याच्या जागेवरून ठरतं. म्हणून जुन्या फोटोत जवळची एक कड आणि तिच्यालगत दिसणारी लांबची एक खूण हेरायची. ती खूण कडेपासून उजवीकडे जास्त सुटलेली दिसली तर आपण फार उजवीकडे आहोत, डावीकडे सरकायचं. चौकटीच्या दोन्ही बाजूंना अशी एकेक जोडी जुळली की जागा पक्की. कृष्णेवरचा ब्रिटिशकालीन पूल पाडून नवा झाल्यामुळे जुन्या पुलावरच्या चौकटी हुबेहूब मिळणं अवघड. तिथे ‘जवळपासच्या जागेवरून’ असं पाटीवर स्पष्ट लिहायला तुम्हीच लावलंत. शिवाय धोम धरणातून पाणी सोडलं की घाटाच्या खालच्या पायऱ्या दिसेनाशा होतात, म्हणजे तुलना करायची तर पाण्याची पातळीही बघायला हवी.

घाटाचा दगड काळा, शिखर फिकट; कॅमेरा दोन्हीकडे फसतो. चौकटभर काळ्या पायऱ्या असल्या की तो त्यांना राखाडी करायला बघतो, तेव्हा एक्सपोजर पाऊण ते एक स्टॉप कमी करायचं (एक स्टॉप कमी म्हणजे प्रकाश निम्मा). चौकटभर शिखर असलं तर तेवढंच वाढवायचं. पायरीवर उभं राहून मोबाइल वर केला की देऊळ मागे कलंडल्यासारखं दिसतं. त्यावर उपाय पलीकडच्या काठावर जाऊन मोबाइल सरळ धरण्याचा, खालचं नको ते नंतर कापण्याचा.

काचांच्या बाबतीत तुमचा धाक होता, आणि तो बरोबरच होता. काच कडांनी धरायची, मंद, म्हणजे चकाकी नसलेल्या, बाजूला बोट लावायचं नाही. तिथे जिलेटिनचा थर असतो, ओल्या फडक्याने तो फुगतो आणि सुटतो. धूळ फक्त हवेच्या पंपाने उडवायची. कॉपी करताना टॅबलेटचा पांढरा स्क्रीन खाली, त्यावर दोन-तीन इंच उंचीवर दुधी अ‍ॅक्रिलिक, आणि त्यावर काच. अंतर ठेवलं नाही तर स्क्रीनचे ठिपके उमटतात. कॅमेरा वरून, लेन्सचं छिद्र एफ ८, प्रकाशाची संवेदनशीलता आयएसओ १००, दोन सेकंदांचा टायमर. कॅमेरा समांतर आहे का, हे बघायला काचेच्या जागी आरसा ठेवायचा: लेन्स चौकटीच्या मध्यावर दिसली की झालं. चित्र डावं-उजवं उलटं तर नाही ना, हे दुकानाची पाटी सांगते. पाटी नसेल तर सदऱ्याची बटणं कुठल्या बाजूला आहेत ते बघा, ही तुमची युक्ती कुठल्या पुस्तकात सापडली नसती.

छपाईत घात करतो तो व्हॉट्सअ‍ॅप. ‘एचडी’ न निवडता फोटो म्हणून पाठवलं की लांब बाजू साधारण १६०० पिक्सेलवर येते. ३०० डीपीआयला, म्हणजे इंचाला ३०० ठिपके धरून, ती जेमतेम सव्वापाच इंच भरते. १२ × १८ इंचाला ३६०० × ५४०० पिक्सेल लागतात, म्हणून फाइल ‘डॉक्युमेंट’ म्हणूनच पाठवायची. ट्यूबलाइटखाली चकचकीत कागदावर दिवाच दिसतो, तेव्हा मॅटच बरा.

पाट्यांबद्दल तर तुम्ही ऐकूनच घेत नव्हता. बांधकामाचं साल आणि फोटोचं साल वेगळं लिहायचं. ढोल्या गणपतीचं देऊळ १७६२ चं, गणपतराव भिकाजी रास्त्यांनी बांधलेलं. फोटोचं साल ठाऊक नसेल तर ‘सुमारे’ लिहून, ते कशावरून ठरवलं, तेही द्यायचं. देवळाची मागची भिंत माशाच्या आकाराची, पुराचं पाणी दुभंगावं म्हणून, हे पाटीवर नसेल तर तो फोटो काढलाच कशाला, हे तुमचं म्हणणं पटलं. मेणवलीच्या घाटाच्या फोटोखालीही तिथे चित्रित झालेल्या सिनेमाचं नाव टाकायची घाई सगळ्यांना असते. तिथल्या घंटेची ओळख मात्र पोर्तुगिजांविरुद्धच्या १७३९ च्या वसईच्या मोहिमेपासून सुरू व्हायला हवी, कारण ती तिथूनच आली.

काचा परत आणतो आहोत: प्रत्येक आम्लविरहित कागदाच्या पाकिटात, लांब कडेवर उभी. खालच्या कप्प्यात ठेवू नका, पुराचा धोका आहे. काही काचांवरची माणसं अजून ओळखू आलेली नाहीत. त्यांच्या प्रिंट सोबत देतो. नावं आठवतील तशी मागे पेन्सिलीने लिहा, शाई पुढे उमटते.

आपले,
छायाचित्र प्रकल्पातले विद्यार्थी आणि शिक्षक, वाई